घरून काम करताना लक्ष कसं टिकवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली नऊ वर्षं घरून संपादनाचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेले अहवाल, माहितीपुस्तिका, नियमावल्या वाचायच्या आणि नीटनेटक्या करून द्यायच्या. एकटीनं, एका जागी बसून करायचं काम. घरून काम करायला लागलेले ओळखीपाळखीचे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं वाचायला वेळ नसेल तर सकाळच्या सुरुवातीचा आणि संध्याकाळी काम थांबवण्याचा, असे दोन प्रश्न तेवढे वाचा.

घरी शांतता आहे, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, तरी काम पुढे का सरकत नाही?

ऑफिस आपल्यासाठी बरंच काही न सांगता करत असतं. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडावं लागतं, त्यामुळे दिवस सुरू झाल्याचं अंगाला कळतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असतं, म्हणून आपणही मुकाट्यानं फाइल उघडतो. जेवायला सगळे एकदम उठतात. संध्याकाळी बॅगांच्या चेन लावल्याचे आवाज यायला लागतात आणि आपणही आवरतं घेतो. यातलं काहीही आपण ठरवलेलं नसतं. घरी मात्र कधी बसायचं, कधी उठायचं, आता काय हातात घ्यायचं, हे सगळं स्वतःच ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता दमायला होतं.

'माझा मनावर ताबाच नाही' असं निदान लोक फार लवकर करून मोकळे होतात. मला ते फारसं पटत नाही. अडून बसलेल्या माणसाला 'आत्ता या क्षणी नेमकं काय करायचंय?' असं विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'तो अहवाल करायचाय.' आता 'अहवाल' ही काही एका बैठकीत हाताला लागणारी गोष्ट नाही. 'पान ७ वरच्या तक्त्याची बेरीज तपासायची' असं म्हटलं की हात आपोआप माउसकडे जातो.

घरून काम केलं की कमीच होतं, असं वरिष्ठ म्हणतात. खरं आहे का?

सरसकट तसं म्हणता येत नाही. यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम त्यांना आठवड्यातले ४ दिवस घरी पाठवलं, विषमवाले ऑफिसातच राहिले. ९ महिन्यांनी पाहिलं तर घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वर गेली होती. त्यातला मोठा वाटा, ९ टक्के, नुसता जास्त मिनिटं काम केल्याचा होता: मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त फोन घेतल्याचे. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं.

पण हा आकडा वरिष्ठांच्या तोंडावर फेकण्याआधी दोन बारकावे लक्षात घ्या. प्रयोगात भाग घ्यायला घरी स्वतःची वेगळी खोली असणं ही अटच होती. शिवाय काम फोन घेण्याचं. फोन आपण होऊन येतो, 'आता काय करू?' हा प्रश्नच पडत नाही. माझ्या मते त्या लोकांचं लक्ष टिकण्यामागे हे फार मोठं कारण आहे, आणि तुमच्या-माझ्या कामाला ती सोय नसते.

२०२४ मध्ये त्याच कंपनीतला आणखी एक प्रयोग 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. या खेपेला १,६१२ कर्मचारी होते, त्यांत प्रोग्रॅमर, हिशेबनीस, मार्केटिंगवाले असे सगळे, आणि आठवड्यातले फक्त २ दिवस घरून. कामगिरीत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले.

सकाळी सुरुवातच होत नाही. लॅपटॉप उघडून तासभर जातो तरी काहीच केलेलं नसतं. काय करू?

आदल्या संध्याकाळी सुरुवात करून ठेवा.

हे मला कळलं तो दिवस लख्ख आठवतो. सकाळचे साडेनऊ. समोर एका नियमावलीची १४० पानी फाइल. पहिली ओळ मी चार वेळा वाचली. मग मेल बघितली. परत पहिली ओळ. मग कीबोर्डच्या फटींमधली धूळ दिसली म्हणून टाचणीनं एकेक बटणाखालची काढत बसले. 'एंटर'च्या खाली बरंच काही सापडलं. मान वर केली तेव्हा पावणेअकरा झाले होते. कीबोर्ड चकचकीत, फाइल जिथल्या तिथे.

त्या रात्री झोपण्याआधी मी एका चिठ्ठीवर लिहिलं: 'उद्या: प्रकरण २, कलम ४ आणि कलम ९ एकमेकांशी जुळत नाहीत, दोन्ही शेजारी उघडून बघ.' चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली, आणि ती दोन पानंही उघडी ठेवूनच लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी बसल्यापासून पाचव्या मिनिटाला मी कलम ४ वर होते. तेव्हापासून ही चिठ्ठी मी सहसा चुकवत नाही. चुकवली, तर दुसऱ्या दिवशी कीबोर्ड स्वच्छ होतो.

चिठ्ठी लिहिताना दोन पथ्यं पाळा. एक, त्यात जागा हवी: कुठलं पान, कुठली ओळ, कुठली फाइल. 'प्रेझेंटेशन पूर्ण करणे' असली चिठ्ठी बिनकामाची. दोन, शक्य असेल तर संध्याकाळी काम अशा ठिकाणी सोडा जिथून पुढचं पाऊल तुम्हाला माहीत आहे. एखादा विभाग संपवून समाधानानं उठावंसं वाटतं खरं, पण मग सकाळी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं. अर्धं वाक्य सोडून उठलेलं बरं.

याला मानसशास्त्रातही आधार आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की 'मी हे करीन' एवढ्यावर थांबण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असा संकल्प केला तर तो पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. 'आंघोळ करून आले की चिठ्ठीवरचं पान उघडीन.' इतकं साधं.

वेगळी खोली नाही. मग?

खोली नसली तरी दिशा बदलता येते. भिंतीकडे तोंड करून बसा, म्हणजे खोलीतली हालचाल नजरेच्या टप्प्यात येत नाही. जागा एकच ठेवा, आणि त्या जागेवर बाकीचं काही करू नका: मोबाइल चाळायचा तर उठून दुसरीकडे. जेवणाचंच टेबल वापरत असाल तर काम संपल्यावर लॅपटॉप, चार्जर, वह्या, सगळं एका बॅगेत भरून नजरेआड करा. टेबल पुन्हा जेवणाचं झालेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे.

पलंगावर बसून काम करू नका. पाठीचं जे व्हायचं ते होतंच, शिवाय झोप न येण्याची तक्रार असणाऱ्यांना तज्ज्ञ पहिल्यांदा सांगतात ते हेच, की अंथरूण झोपण्यापुरतंच ठेवा.

कपडे बदलून बसावं का?

बदलून बरं वाटत असेल तर बदला. मी आंघोळ करून कालचाच सदरा घालते आणि काम उत्तम होतं.

मोबाइलचं काय करायचं? सायलेंटवर ठेवला तरी हात जातोच.

दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा नको, खणात नको, दुसऱ्या खोलीत. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास ८०० लोकांवर प्रयोग केले. सगळ्यांचे फोन सायलेंटवर होते, तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी लक्ष लागणाऱ्या चाचण्या टेबलावर फोन असणाऱ्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या. नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत निकाल सगळीकडे असेच आले नाहीत, त्यामुळे 'फोन नुसता दिसला तरी बुद्धी मंदावते' असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण वीस पावलं चालून जावं लागतं म्हटल्यावर निम्म्या वेळा आपण उठतच नाही, हे कुणीही एका दिवसात ताडून बघू शकतं.

कामासाठी फोन लागतच असेल तर फोन येऊ द्या, बाकी सगळ्या सूचना बंद करा. घरची निकडीची बातमी असेल तर माणसं फोन करतात.

पोमोडोरो वापरू का?

वापरून बघा. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस, कॉलेजात अभ्यास होत नव्हता म्हणून, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुटी, असे चार फेरे झाले की मोठी सुटी.

नावडत्या कामाला हात घालायला ही पद्धत फार चांगली, कारण २५ मिनिटं कुणीही सोसू शकतं. पण काम रंगात आलं असताना घड्याळ वाजलं म्हणून उठायचं, हे मला वेडेपणाचं वाटतं. अशा वेळी घड्याळ बंद करून टाका. किचकट मजकूर किंवा कोड असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळे धागे डोक्यात गोळा करण्यातच जातात. मग २५ मिनिटांचा तुकडा अपुरा पडतो आणि ५०-६० मिनिटांची बैठक सोयीची होते.

चॅटवर सतत मेसेज येतात. लगेच उत्तर दिलं नाही तर वाटतं मी कामावरच नाही. पण दिलं की काम मोडतं.

काम नक्की मोडतं. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्ष सगळंच्या सगळं वळत नाही, त्याचं शेपूट आधीच्या कामात अडकून राहतं. तीस सेकंदांच्या मेसेजची किंमत तीस सेकंदांपुरती राहत नाही ती यामुळे.

त्याच लेरॉय यांनी थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर २०१८ मध्ये यावर एक साधा उपाय तपासला. मध्येच उठावं लागलं तर जाण्याआधी थोडक्यात टिपून ठेवायचं, की मी कुठे होते आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचंय. असं टिपण केलेल्यांचं शेपूट कमी अडकलं. म्हणजे पुन्हा चिठ्ठीच. माझ्या कीबोर्डशेजारी त्यासाठी एक वही कायम उघडी असते; तिच्यात 'कलम १२, "अथवा" की "आणि" ते ठरव' असल्या, दुसऱ्या कुणाला कळणार नाहीत अशा ओळी भरल्या आहेत.

'मी दिसत नाही' ही भीती वेगळी आहे, आणि तिचं औषध ताबडतोब उत्तर देणं हे नाही. सकाळीच गटात एक ओळ टाका: 'साडेअकरापर्यंत अंदाजपत्रकावर आहे, साडेअकराला मेसेज बघते, तातडीचं असेल तर फोन करा.' आणि साडेअकराला खरंच बघा. आठ-दहा दिवसांत लोक तुमच्या वेळेला सरावतात. नाही उत्तर दिलं तर जगबुडी होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनाही फोनचा पर्याय दिला की फोन क्वचितच येतात असं दिसतं.

घरचे मध्येच हाक मारतात. त्यांना वाईट वाटू न देता कसं सांगू?

'अगं, घरीच आहेस ना, मग कुरिअर आलं तर घे.' 'दोन मिनिटं ये गं, हे काय आलंय फोनवर बघ.' हे दुष्टपणानं कुणी म्हणत नाही. आपण घरात दिसतो आणि खुर्चीत नुसते बसलेले दिसतो. आपण विचार करत असताना आणि आपण रिकामे असताना, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा त्यांना ओळखता येईल अशी खूण लागते.

आमच्याकडे हेडफोन ही खूण आहे, आत काही वाजत असो वा नसो. कानावर असले तर रक्त येतंय किंवा आग लागलीय अशाच कारणासाठी हाक मारायची. सुरुवातीला आईला हे लागलं. 'म्हणजे घरात तुझ्याशी बोलायचंच नाही?' माझं चुकलं ते असं, की मी फक्त 'आत्ता नको' एवढंच सांगत होते, 'मग कधी' ते सांगत नव्हते. आता सांगते, 'आई, सव्वाअकराला उठते, तेव्हा बघू.' आणि सव्वाअकराला उठतेच, वाक्य अर्धं असलं तरी. दोनदा शब्द पाळला नाही की तिसऱ्यांदा कुणी थांबत नाही, आणि थांबावं तरी का?

लहान मूल घरात आहे, सांभाळायला दुसरं कुणी नाही. यात काम कसं जमवतात?

जमत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे बघणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि एकाच वेळी दोन पूर्ण वेळची कामं कुठल्याही युक्तीनं होत नाहीत. जे जमतं असं सांगतात त्यांच्या घरी कुणीतरी दुसरं बघत असतं, किंवा ते रात्री जागतात.

पर्याय म्हणजे वेळेचे तुकडे. जोडीदार असेल तर पाळ्या लावा आणि त्या कागदावर लिहा, कारण तोंडी ठरलेल्या पाळ्या पहिल्या मीटिंगलाच मोडतात. डोकं लागणारं काम मूल झोपलेलं असतानाच. मेल, फॉर्म, फायलींना नावं देणं वगैरे ते जागं असताना. वरिष्ठांना परिस्थिती आधीच सांगून ठेवा, नंतर कारण म्हणून सांगावी लागण्यापेक्षा ते बरं.

व्हिडिओ मीटिंगनं प्रत्यक्षातल्या मीटिंगपेक्षा जास्त थकवा का येतो?

स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली: सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका चौकटीत जखडून बसावं लागणं, आणि हावभाव कळण्या-कळवण्यासाठी पडणारे जास्तीचे कष्ट. यातलं दुसरं कारण एका क्लिकमध्ये जातं. स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. इतरांना तुम्ही दिसतच राहता. आरशासमोर बसून कुणी दिवसभर बैठका घेतो का?

नुसतं ऐकायचं असेल त्या मीटिंगला कॅमेरा बंद करून उभ्यानं ऐका. आणि जिथे एक मेल पुरली असती अशी मीटिंग तुम्हीच बोलावली असेल, तर ती रद्द करा.

गाणी ऐकत काम केलं तर चालतं का?

कामावर अवलंबून आहे. शब्दांचं काम असेल, म्हणजे वाचन, लेखन, तपासणी, तर शब्द असलेली गाणी आड येतात, कारण दोन्ही एकाच वाटेनं जायला बघतात. शेजारच्या खोलीतलं बोलणं मोठ्या आवाजातल्या पंख्यापेक्षा जास्त त्रास देतं तेही याच कारणानं: कळणारी भाषा कानाला टाळता येत नाही. आकडे भरणं, फायली लावणं अशा यांत्रिक कामाला गाणी खुशाल लावा. बोलणं झाकायचं असेल तर पावसाचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज चांगला.

दुपारी डोळे मिटायला लागतात.

स्वाभाविक आहे. दुपारची ती सुस्ती फक्त जेवणामुळे येत नाही, शरीराच्या रोजच्या घड्याळातच तिथे एक उतार आहे. त्या तासाला अवघड काम ठेवूच नका. झोपायचंच असेल तर १० ते २० मिनिटं, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की उठल्यावर जडपणा येतो आणि त्यात आणखी तास जातो. चहा-कॉफीतल्या कॅफिनवर भिस्त ठेवत असाल तर शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच सरासरी ५ तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेलं रात्री दहालाही निम्मं शिल्लक असतं.

पाठ आणि डोळे दुखतात.

लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, पडदा हातभर लांब ठेवा, आणि वेगळा कीबोर्ड व माउस घ्या. नुसता लॅपटॉप वापरला तर एक तर मान वाकते नाही तर खांदे उचलले जातात, तिसरा मार्ग नाही. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली काहीतरी घ्या. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे, म्हणजे साधारण ६ मीटर लांब बघा असं सांगतात. खिडकी असेल तर सोपं आहे. दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

कामांची यादी संपतच नाही. रोज निराश व्हायला होतं.

यादी संपण्यासाठी नसतेच, ती आठवण राहावी म्हणून असते. मोठी यादी एका वहीत पडून राहू दे. आजच्यासाठी तिच्यातून तीन गोष्टी काढा, त्यातली एक अवघड. मी आधी सात काढायचे आणि चार राहायच्या. आता तीन काढते आणि बहुतेक दिवशी चार होतात. कामाचा वेग तोच आहे, पण संध्याकाळी घरातल्यांवर चिडायचं प्रमाण घटलं आहे.

संध्याकाळी काम संपतच नाही. जेवण झाल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडते. हे कसं थांबवू?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारतात. मला तो पहिला वाटतो. घरून काम करणाऱ्याला काम सुरू करता येत नाही त्याचं एक कारण हेच, की त्यानं ते काल संपवलेलं नसतं. रात्री अकराला मेलला उत्तर देणारा माणूस सकाळी नऊला ताजा कसा असेल? आणि रात्री बसायचंच आहे हे मनाला ठाऊक असलं, की दुपार ढिली पडते. 'बघू रात्री' हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं म्हटलं आहे. दिवसभर अर्धं काम आणि रात्री अर्धी सुटी, अशी ती अवस्था.

काम हाताशी असलेला वेळ भरून टाकेपर्यंत पसरतं, हे ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये गमतीनं लिहिलं होतं. त्यांचं उदाहरण होतं भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या निवांत म्हातारबाईंचं. चष्मा शोधण्यात काही वेळ, पत्ता शोधण्यात काही वेळ, बाहेर जाताना छत्री घ्यावी का यात काही वेळ. घरून काम करताना आपण सगळेच त्या बाई होतो.

माझी पद्धत अशी. सव्वासहाला गजर. नवीन काही उघडायचं नाही. आज झालेलं तीन-चार शब्दांत वहीत. मग उद्याची चिठ्ठी. मग लॅपटॉप बंद: झाकण मिटून झोपवायचा नाही, पूर्ण बंद करायचा, कारण परत सुरू व्हायला लागणारी दीड-दोन मिनिटं मोहाला पुरेशी आडकाठी होते. मग चपला घालून बाहेर. कुठे जायचं नसलं तरी पंधरा मिनिटं चालून परत यायचं. ऑफिसातून घरी येण्याची जागा हे चालणं घेतं. निघते तेव्हा काम डोक्यात असतं, परत येते ती घरी येते.

चिठ्ठीचा इथे दुसरा उपयोग आहे. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात हा सगळ्यांचा अनुभव. मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की ते काम पुढे केव्हा आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला, तर ते पूर्ण न होताही हे घोळणं कमी होतं. रात्री काहीतरी सुचलंच तर मी त्याच चिठ्ठीवर एक ओळ वाढवते. लॅपटॉप उघडत नाही.

वरिष्ठच रात्री मेसेज करत असतील तर प्रश्न शिस्तीचा राहत नाही, हक्काचा होतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात नसण्याचा हक्क कायद्यात आहे, पोर्तुगालनं २०२१ मध्ये तसाच कायदा केला. तुमच्याकडे कायदा नसेल तर निदान इतकं करा: रात्री वाचलं तरी उत्तर सकाळी द्या. रात्री एकदा उत्तर दिलं की ती तुमची वेळ ठरते.

घरून काम करणाऱ्यांना बढती मिळत नाही, असं ऐकलं.

सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगातच ते दिसलं होतं: कामगिरी सारखी असेल तर घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी. डोळ्यांआड असलेला माणूस आठवत नाही. म्हणून दर शुक्रवारी पाच ओळींची मेल पाठवा: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. संध्याकाळच्या नोंदी वहीत असतील तर ही मेल दहा मिनिटांत होते. फुशारकी मारल्यासारखं वाटतं म्हणून बरेच जण टाळतात, आणि मग वर्षाच्या शेवटी त्यांना स्वतःलाच आठवत नाही काय काय केलं ते.

कंपनीनं माउसच्या हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर बसवलंय.

मग लोक माउस हलवण्यात तरबेज होतील. तुमच्यापुरतं बघायचं तर त्या कंप्युटरवर खासगी काहीही उघडू नका, आणि काय काय नोंदलं जातं ते लेखी विचारा.

दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही. मन लागत नाही.

सीट्रिपमध्ये प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे आपण होऊन ऑफिसात परतले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठं कारण होतं. काम वाढलेलं असूनही. त्यामुळे यात कमीपणा वाटून घेऊ नका.

माझी एक मैत्रीण हिशेबाचं काम करते. आम्ही आठवड्यातून दोनदा सकाळी व्हिडिओ लावतो, एकमेकींना आजचं काम एका वाक्यात सांगतो, आवाज बंद करतो आणि आपापलं करत बसतो. तासानं आवाज सुरू करून 'झालं का?' विचारतो. तिचं काम मला कळत नाही, तिला माझं. तरी त्या तासात कीबोर्ड साफ करायला मी कधी उठलेली नाही. पण हा कामापुरता उपाय. कामाशी संबंध नसलेली माणसं आठवड्यातून निदान एकदा समोरासमोर भेटायला हवीत, त्याची भरपाई पडद्यावर होत नाही. उदासपणा दोन-तीन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि एखादा दिवस पूर्ण वाया गेलाच तर?

जातो. मागच्याच महिन्यात माझा एक गेला: सकाळी नेट बंद, दुपारी डोकं बंद. रात्री भरून काढायचा मोह झाला होता. सव्वासहाचा गजर झाला तेव्हा वहीत लिहायला काहीच नव्हतं, म्हणून 'काही नाही' असं लिहिलं, तारीख घातली. मग चिठ्ठी: 'पान ३१, दुसरा परिच्छेद, तारखा चुकल्यात.' आणि चपला घातल्या.